आधी हळू वाजव!

प्लास्टिकचे चार पॅड. लाल, पिवळा, निळा, हिरवा. खाली पायाशी एक पेडल आणि हातात दोन काठ्या.

माझ्या मित्राच्या घरी हा सेट होता. त्याच्या काकांनी अमेरिकेहून सुट्टीला येताना आणलेला. गेमचं नाव 'रॉक बँड २'. लेक्चर्स संपली की आम्ही चौघं थेट त्याच्याकडे. एकाच्या गळ्यात प्लास्टिकची गिटार, एकाच्या हातात माइक, एक जण सोफ्यावर बसून नुसताच शिट्ट्या मारायला, आणि ड्रमवर कोण बसणार यावरून रोजची भांडणं.

एकदाचा माझा नंबर लागला. गेमने विचारलं, लेव्हल कुठली? ईझी, मीडियम, हार्ड की एक्सपर्ट? मी थेट 'हार्ड'. आयुष्यात कधी ड्रमला हात लावलेला नाही, पण मागे तिघं बघत होते ना! 'ईझी'वर बोट ठेवलं असतं तर पुढचा महिनाभर कॅन्टीनमध्ये माझी काही खैर नव्हती.

पुढे जे झालं त्याला वाजवणं म्हणत नाहीत. स्क्रीनवरून रंगीत ठिपके धो धो खाली यायला लागले. लाल म्हणेपर्यंत पिवळा गेलेला, पिवळ्याच्या मागे गेलो तर पाय विसरलेला. गेममधल्या पब्लिकने हुर्यो उडवली आणि अर्ध्या मिनिटाच्या आत गाणं बंद पडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, 'अरे, फर्निचरचं काम काढलंय का?'

त्या दिवसानंतर मी ड्रमवर कधी बसलो नाही. 'आपल्याला काय, गिटारच आवडते' असं सगळ्यांना सांगून टाकलं.

आज इतक्या वर्षांनी हे लिहायचं कारण म्हणजे आमच्यातला तो चौथा. नुसता शिट्ट्या मारणारा. आम्ही चहा प्यायला खाली टपरीवर गेलो की तो वर थांबायचा. आम्हाला वाटायचं, चहाचे पैसे वाचवतोय. तो गेमच्या मेन्यूतला एक वेगळाच कप्पा उघडून बसायचा. आम्ही कुणी तो कधी उघडलाच नव्हता. त्या कप्प्याचं नाव होतं 'ड्रम ट्रेनर'.

त्या कप्प्यात होतं काय?

आधी थोडी गोष्ट या गेमची. ॲलेक्स रिगोपुलोस आणि एरन एगोझी या अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या दोन तरुणांनी १९९५ मध्ये 'हार्मोनिक्स' ही कंपनी काढली. ज्यांना वाद्य वाजवता येत नाही त्यांनाही संगीत वाजवण्याचा आनंद मिळावा, ही त्यांची मूळ कल्पना. २००५ मध्ये त्यांनी केलेला 'गिटार हीरो' गाजला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये 'रॉक बँड' आला, त्यात गिटार, माइक आणि ड्रम असा अख्खा बँडच घरात बसला. ड्रमवर आधारलेले गेम त्याआधी जपानमध्ये होतेच. कोनामीचा 'ड्रममेनिया' १९९९ चा, नाम्कोचा 'ताइको नो तात्सुजिन' २००१ चा. पण दिवाणखान्यात चौघांनी मिळून बँड करायचा, ही मजा पसरवली ती 'रॉक बँड'ने.

या गेममध्ये एक मोठा फरक होता, तो आमच्या लक्षातच आला नव्हता. प्लास्टिकच्या गिटारवर पाच रंगीत बटणं. खऱ्या गिटारला सहा तारा आणि प्रत्येक तारेवर वीसेक घरं. बटणांवर कितीही प्रावीण्य मिळवा, खरी गिटार हातात आली की तुम्ही शून्यावर. ड्रमचं तसं नाही. काठीने पॅडवर मारणं म्हणजे काठीने पॅडवर मारणंच. एक्सपर्ट लेव्हलवर समोर येणारे ठिपके मूळ गाण्यात ड्रमरने जे वाजवलंय त्याच्या बरेच जवळ जातात. लाल म्हणजे बहुतेक वेळा स्नेअर, पिवळा हाय-हॅट, निळा आणि हिरवा म्हणजे टॉम किंवा मोठ्या झांजा, आणि पूर्ण रुंदीची केशरी रेघ आली की पायाने किक. म्हणजे खेळ खोटा, पण हातापायांचं काम खरं.

आणि तेच काम शिकवायला 'रॉक बँड २'मध्ये २००८ साली हा ट्रेनर दिला होता. त्याचे दोन भाग. एकात ठेके, दुसऱ्यात फिल. ठेका निवडायचा, त्याचा वेग आपण ठरवायचा, आणि तो पुन्हा पुन्हा वाजवत राहायचं. बस्स. तिथे ना गाणं, ना झगमगाट, ना नावं ठेवणारं पब्लिक.

आता सांगा, असल्या कप्प्यात कॉलेजातलं कोण जाईल?

पाय हाताचं ऐकतो, हीच अडचण

ड्रमवरचा सगळ्यात साधा ठेका आठ अंकांचा. उजवा हात आठही अंकांवर हाय-हॅटवर. डावा हात तीन आणि सातवर स्नेअरवर. उजवा पाय एक आणि पाचवर किकवर. असंख्य रॉक आणि पॉप गाणी या एवढ्याशा सांगाड्यावर उभी आहेत. वाचायला सोपं वाटतं. करायला गेलं की कळतं, आपलं शरीर किती हट्टी आहे ते.

कारण आपल्याला सवय असते सगळं एकत्र हलवायची. उजवा हात चालला की उजवा पायही त्याच्या मागे निघतो. त्यातून पायाला सहाव्या अंकावर आणखी एक ठोका दिला की खरी गंमत होते. इतका वेळ निवांत चाललेला उजवा हात दचकतो. एक तर तो थांबतो, नाही तर पायाच्या नादाने एक जास्तीचा ठोका मारून मोकळा होतो. मेंदूला चार अवयवांना चार वेगळी कामं द्यायची सवयच नसते. ती लावावी लागते आणि ती हळूच लागते.

ट्रेनर नेमकं हेच करायला लावतो. एवढा हळू वेग ठेवायचा की चूक करणं अवघड जाईल. मग तोच ठेका पन्नास वेळा. मग वेग किंचित वाढवायचा. चुकायला लागलो की परत मागे. गाण्यांसाठीही गेममध्ये सरावाची वेगळी सोय होती. अख्खं गाणं न घेता त्यातला अडणारा तेवढाच तुकडा निवडायचा, वेग कमी करायचा आणि तो घोटायचा.

फिलचंही तसंच. एक ठेका चालू असताना मध्येच ड्रमर स्नेअरवरून टॉमवर, टॉमवरून दुसऱ्या टॉमवर असा गडगडत जातो आणि शेवटी झांजेवर धाडकन पडतो ना, तो फिल. नवशिक्याला फिल दिसला की घाई सुटते. तो जागेच्या आधीच सगळं वाजवून मोकळा होतो आणि परत ठेक्यावर येताना गाडी रुळावरून घसरते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, तिहाई जोरात आणि समेवर पचका! ट्रेनरमध्ये म्हणूनच नुसता फिल वाजवून भागत नाही. ठेका धरायचा, फिल वाजवायचा, पुन्हा त्याच ठेक्यावर यायचं. खरी परीक्षा त्या परत येण्याचीच.

तबल्याच्या क्लासला गेलेल्यांना यात काहीच नवं वाटणार नाही. तिथेही सर आधी तबल्याला हात लावू देत नाहीत. तोंडाने बोल, हाताने टाळी आणि खाली. मग तेच ठाय लयीत. ते बसलं की दुगुन, मग चौगुन. 'सर, कायदा कधी?' असं विचारणाऱ्याला उत्तर ठरलेलं, 'आधी ठेका नीट धर.' पुण्यात पावसाळ्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तिथे कमरेला ढोल बांधून उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. मिरवणुकीतले ते काही तास आठवड्यांच्या सरावावर उभे असतात.

म्हणजे एमआयटीतून निघालेला गेम असो, नाही तर गल्लीतला क्लास, शिकवायची रीत एकच. छोटा तुकडा घ्या, तो हळू वाजवा, पुन्हा वाजवा, मग पुढे जा. यावर शॉर्टकट ना त्यांना सापडला, ना आपल्याला.

आणि जे गेमला कळत नाही ते

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, गेम आणू, सहा महिन्यांत ड्रमर! थांबा. गेमला कळत नाही असंही बरंच आहे आणि तेही सांगायलाच हवं.

पहिलं म्हणजे आवाज. तुम्ही पॅडवर हळुवार टिचकी मारा, नाही तर हातोडा मारल्यासारखं मारा, ठिपका वेळेत लागला की गुण सारखेच. खऱ्या ड्रमवर मात्र अर्धं संगीत याच फरकात असतं. स्नेअरवर मोठ्या ठोक्यांच्या मध्ये काही ठोके इतके हलके वाजवतात की ते वेगळे ऐकूच येत नाहीत, पण ते काढून टाकले तर ठेका एकदम कोरडा होतो. या हलक्या हाताला गेमच्या हिशेबात वेगळी किंमत नाही.

दुसरं म्हणजे हात. कुठला पॅड कधी वाजवायचा ते स्क्रीन सांगते. कुठल्या हाताने, ते सांगत नाही. काठी कशी धरायची, मनगट किती सैल ठेवायचं, काठी उसळून वर येते ती कशी वापरायची, यातलं काही स्क्रीनला दिसत नाही. मूठ आवळून, खांदे ताठ करून वाजवलं तरी शंभर टक्के मिळू शकतात. वर मनगट दुखणं फुकट.

याचं झकास उदाहरण म्हणजे बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार. हार्मोनिक्सनेच ९ सप्टेंबर २००९ ला 'द बीटल्स : रॉक बँड' आणला. त्यात बीटल्सच्या गाण्यांतले ठेके शिकवणारे ड्रमचे धडे होते. आता रिंगो डावखुरा, पण वाजवायचा उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेल्या ड्रमसेटवर. त्यामुळे फिल वाजवताना त्याचे हात इतरांसारखे सहज गोल फिरत नसत. त्या अडचणीतून मार्ग काढता काढता त्याचे फिल वेगळेच झाले आणि तीच त्याची ओळख बनली. गेम तुम्हाला त्या फिलचे ठिपके देतो. ते ठिपके असे का पडले, ते ज्याचं त्याने शोधायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गेममध्ये गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं. ते तुमच्यासाठी थांबत नाही आणि तुमच्यामुळे बिघडतही नाही. तुम्ही त्याच्या मागे मागे धावता. खऱ्या बँडमध्ये उलटं. तिथे बाकीचे तुमच्या मागे येतात. तुम्ही घाई केली की गिटारवाला घाई करतो, गाणारीला श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि दोन मिनिटांत सगळ्यांची वाट लागते. गेम तुम्हाला वेळ पाळायला शिकवतो. ड्रमरला वेळ सांभाळायची असते, स्वतःची आणि इतर चौघांचीही.

आमच्या चौथ्याला हे अगदी रोख कळलं. पुढच्या वर्षी तो पहिल्यांदा खऱ्या ड्रमसेटवर बसला, एका भाड्याच्या जॅम रूममध्ये. नंतर त्याने सांगितलं, 'अरे, पहिली दहा मिनिटं मला कळेचना बघायचं कुठे. समोर ठिपकेच नव्हते!' त्याचे डोळे तयार झाले होते, कान नव्हते. ठेका हातात होता, पण गिटारवाला काय वाजवतोय हे त्याने तोवर कधी ऐकलंच नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तरी त्याला एक गोष्ट येत होती, जी आम्हा तिघांना येत नव्हती. अडलं की वेग कमी करायचा आणि तेवढाच तुकडा घोटायचा. बाकीचं त्याने त्याच जोरावर मिळवलं.

शेवटच्या वर्षी गॅदरिंगला तो स्टेजवर होता. आम्ही तिघं खाली. शिट्ट्या मारत.

मुद्दा ड्रमचा, पण फक्त ड्रमचा नाही

मी ड्रम का सोडला? हात चालत नव्हते म्हणून? तेव्हा तर कुणाचेच चालत नव्हते. मी सोडला कारण मला चारचौघांसमोर 'ईझी' निवडायची लाज वाटली.

दोस्तांनो, ही लाज ओळखीची वाटते का बघा. इंग्रजी बोलायचा सराव करायचाय, पण हॉस्टेलच्या रूममध्ये मोठ्याने वाचलं तर पोरं हसतील. कोडिंग शिकायचंय, पण पहिलं चॅप्टर 'फारच बेसिक' म्हणून सरळ पाचव्याला हात घालतो आणि सहाव्याला सोडून देतो. गिटार विकत आणली त्या रात्री रीलसाठी एक धून उचलली, ती जमली नाही, आता गिटार कपाटावर धूळ खातेय. पोहायला जायचंय, पण लहान मुलांच्या बाजूला उथळ पाण्यात उभं राहायचं म्हणजे... नकोच!

आपण सगळे थेट स्टेजवर पोहोचायच्या तयारीत असतो. त्याला कारणंही आहेत. जिकडेतिकडे आपल्याला दिसतो तो शेवटचा तयार माल. एकोणीस वर्षांची कुणी मुलगी तीस सेकंद अफलातून ड्रम वाजवते, आपण बघतो, लाइक करतो, मनात म्हणतो, 'हिच्यात टॅलेंट आहे बाबा.' त्या तीस सेकंदांच्या मागच्या शेकडो कंटाळवाण्या संध्याकाळी कुणी अपलोड करत नाही. केल्या तरी कोण बघणार? मग आपल्याला वाटतं, येणाऱ्याला पहिल्यापासूनच येतं. आणि आपल्याला पहिल्या दिवशी आलं नाही, म्हणजे आपल्यात ते नाहीच.

गेमही याला अपवाद नाहीत. त्यांचा सगळा थाट स्कोअरचा. सलग ठोके लागले की गुण चौपट, एक चुकला की पुन्हा एकपट. मजा येते, खोटं कशाला बोला? पण स्कोअरची एक खोड असते. तो आपल्याला जे येतं तेच पुन्हा पुन्हा करायला लावतो. ज्या गाण्यात नव्वद टक्के मिळतात तेच गाणं आपण रोज लावतो. जिथे अडतं तिकडे फिरकतच नाही. ट्रेनर बरोबर उलटा. तो म्हणतो, जे येतं ते राहू दे, अडतंय कुठे ते दाखव.

'गेम म्हणजे वेळेची माती' म्हणणाऱ्या घरच्यांनाही म्हणूनच एक विनंती. पोरगं गेम खेळतंय एवढंच बघू नका, गेममध्ये काय करतंय तेही बघा. स्कोअर वाढवणं आणि शिकणं यातला फरक त्याला कळला असेल, तर त्या तासातून त्याने काहीतरी कमावलंय.

कॉलेजला एक मागणी

आता थोडं कडू. आमच्या कॉलेजात एक ड्रमसेट होता. खरा. स्टाफ रूमच्या मागच्या खोलीत, चादरीखाली. किल्ली एका सरांकडे. गॅदरिंग आणि युवा महोत्सव सोडला तर तो बाहेर निघायचा नाही. आमचा चौथा एकदा किल्ली मागायला गेला. उत्तर आलं, 'वाजवता येतं का? टीममध्ये आहेस का? नाहीस ना? मग कशाला?'

म्हणजे वाजवता येत असेल तर वाजवायला मिळेल, आणि वाजवायला मिळाल्याशिवाय वाजवता येणार नाही. म्हणून तो बिचारा खिशातले पैसे घालून जॅम रूमला गेला. ज्याच्या खिशात पैसे नसतील त्याने काय करायचं?

हे एका कॉलेजपुरतं असतं तर लिहिलं नसतं. ड्रमच्या जागी टेबल टेनिसचं टेबल घाला, कॅमेरा घाला, नाटकाचा हॉल घाला. जिंकून आणणाऱ्यांसाठी सगळं उघडं, शिकू पाहणाऱ्यांसाठी कुलूप. आणि मग आपणच म्हणायचं की मुलं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत!

मागणी फार मोठी नाही. आठवड्यातले दोन दिवस, संध्याकाळचा एक तास, ती खोली नवशिक्यांसाठी उघडी ठेवा. ऑडिशन नको, स्पर्धा नको, बक्षीस नको. आवाजाचा त्रास होत असेल तर ड्रमच्या जागी रबरी प्रॅक्टिस पॅड ठेवा, त्यावर सगळे मूलभूत व्यायाम होतात आणि आवाज बाहेर जात नाही. शिकवायला बाहेरून कुणी बोलवायचीही गरज नाही. टीवायच्या मुलांनी एफवायच्या मुलांना ठेका दाखवावा. आर्ट्स सर्कलच्या मंडळींनो, हे काम तुमचं. वर्षभरात एक ट्रॉफी कमी आली तरी चालेल. दहा जणांच्या हाताला वळण लागलं तर पुढची पाच वर्षं ट्रॉफीची चिंता नको.

आणि नवशिक्यांनो, खोली उघडली तर जा. पहिल्या दिवशी सगळे तुमच्याकडे बघतील असं वाटेल. खरं सांगू? प्रत्येक जण आपापला उजवा पाय सांभाळण्यात गुंतलेला असेल.

आज रात्रीचा गृहपाठ

प्लास्टिकच्या वाद्यांची ती लाट केव्हाच ओसरली. २०१० च्या डिसेंबरमध्ये वायकॉमने हार्मोनिक्स विकून टाकली. २०११ च्या फेब्रुवारीत ॲक्टिव्हिजनने 'गिटार हीरो'चा विभागच बंद केला. २०१५ मध्ये 'रॉक बँड ४' आला, पण ते जुने दिवस परतले नाहीत. २०२१ मध्ये हार्मोनिक्स एपिक गेम्सकडे गेली. आमच्या मित्राचा तो सेटही पेडल तुटून माळ्यावर गेला. ज्यांना अजून हौस आहे ते कॉम्प्युटरवर 'क्लोन हीरो' नावाचा, चाहत्यांनीच केलेला फुकट गेम खेळतात आणि त्याला इलेक्ट्रॉनिक ड्रम जोडतात.

पण तुम्हाला आज यातलं काही लागणार नाही. खुर्ची आणि टेबल पुरे.

खुर्चीवर ताठ बसा, खांदे सैल. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद काट्याबरोबर एक ते आठ मोजा, मोठ्याने. उजव्या हाताची बोटं प्रत्येक अंकाला टेबलावर. डावा हात फक्त तीन आणि सातला, मांडीवर. उजवा पाय एक आणि पाचला, जमिनीवर. सेकंदाला एकच अंक, त्याहून भराभर नाही. तुम्हाला वाटेल हे फारच हळू आहे, कंटाळा येईल, हात पुढे पळायला बघतील. पळू देऊ नका. हळू वाजवणं हे भराभर वाजवण्याइतकंच अवघड आहे, हे दुसऱ्याच मिनिटाला कळेल.

सलग वीस वेळा न चुकता झालं की पायाला सहावर एक जादा ठोका द्या. मग उजव्या हाताचं काय होतं ते बघा. हसू आलं तर हसा. चुकलात तर जादा ठोका काढून टाका, आधीच्या ठेक्यावर या आणि पुन्हा सुरू करा.

मीही गेले काही दिवस ऑफिसच्या टेबलावर हेच करतोय. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदाच 'ईझी'वर. सहाव्या अंकाला उजवा हात अजून अडखळतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने परवा विचारलं, 'काय चाललंय?'

म्हटलं, शिकतोय.